रुबिन्स्टाइनचे उंट

नेदरलँड्समधल्या वाइक आन झे या समुद्रकाठच्या गावात १५ जानेवारी २०१३ रोजी लेव्हॉन अरोनियनने अवघ्या २३ खेळ्यांत डाव सोडला. पांढरी मोहरी त्याची होती. समोर काळी घेऊन बसला होता तेव्हाचा जगज्जेता विश्वनाथन आनंद.

ओपनिंग होते सेमी-स्लाव बचावातले मेरान. १९२४ साली मेरान गावच्या स्पर्धेत अकिबा रुबिन्स्टाइनने ते वापरून अर्न्स्ट ग्रुनफेल्डला हरवले आणि गावाचे नाव ओपनिंगला चिकटले. (स्पर्धा मात्र ग्रुनफेल्डनेच जिंकली!) यात काळा आधी सी-६, ई-६ वर प्यादी लावून गप्प बसतो, त्याचा एक उंट मागे कोंडलेलाच असतो. मग तो सी-४ चे प्यादे मारतो, ते परत घेणाऱ्या पांढऱ्या उंटाला बी-५ ने हुसकावतो आणि आपला उंट बी-७ वर आणतो. आता सी-प्यादे एक घर पुढे सरकले, की त्या उंटाची तिरकी वाट मोकळी.

त्या वाटेवर एफ-३ चा पांढरा घोडा पहाऱ्याला होता. एच-७ च्या प्याद्याच्या मोहाने अरोनियनने बाराव्या खेळीत तोच जी-५ वर नेला. आनंदने लगेच सी-५ केले. ही तयारी मुळात २०१२ च्या गेलफांडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी केलेली. तेव्हा न वापरलेली पुडी इथे सुटली.

सोळाव्या खेळीनंतरचा पट जरूर मांडून पाहा. काळ्याचा एक हत्ती, एक उंट आणि दोन्ही घोडे, अशी चार मोहरी एकाच वेळी माराखाली! आनंद एकही मागे घेत नाही. उंट सी-५ वर सोडून तो दुसरा घोडाही ई-५ वर, प्याद्यांच्या तोंडी देतो. प्यादे काहीही मारायला सरकले, की पांढऱ्या राजासमोरचा आडोसा जातो. अरोनियनने शेवटी हत्ती मारला, पण तोवर काळे दोन्ही उंट त्याच्या राजावर रोखलेले होते.

जाणकारांना लगेच १९०७ चा लोड्झमधला रोटलेवीविरुद्धचा डाव आठवला. तिथेही शेजारशेजारच्या कर्णांवरून मारा करणारे दोन उंट, तिथेही मोहऱ्यांची उधळण. अगदी वजिरासकट. तो डाव जिंकणारा पुन्हा रुबिन्स्टाइनच, आणि तिथेही त्याची मोहरी काळीच होती.