विश्लेषण : मजूर नाका मोबाइलवर आला, तर मजुरीची हमी कोण देणार?

सकाळी आठच्या सुमारास मुंबई-ठाण्यातील नाक्यांवर आणि पुण्यातील मजूर अड्ड्यांवर गवंडी, बिगारी, रंगारी, फरशी बसवणारे उभे असतात. मुकादम किंवा घरमालक येतो, हजेरीचा दर ठरतो आणि माणसे टेम्पोत बसून निघून जातात. दहापर्यंत ज्याला कुणी नेले नाही, त्याचा त्या दिवशी खाडा. हा सगळा व्यवहार मोबाइलवर आणण्याची कल्पना दर काही वर्षांनी नव्याने मांडली जाते. अ‍ॅप तयारही होतात. तरी नाक्यावरची गर्दी का हटत नाही?

अडचण नेमकी कुठे?

काम, ठिकाण, दर आणि तारीख जुळवणारे सॉफ्टवेअर तयार करणे आज फार अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते दोन्ही बाजूंना एकाच वेळी, एकाच परिसरात आणणे. दादरमध्ये चार तासांचे काम असेल, तर कल्याणच्या मजुराला ते परवडत नाही. येण्याजाण्यातच मजुरीचा मोठा भाग जातो. म्हणजे शहरभर लाखभर नोंदण्या असून उपयोग नाही, दोन-तीन किलोमीटरच्या आत पुरेशी कामे आणि पुरेशी माणसे हवीत. शिवाय नाक्यावर मजुराला फक्त उभे राहावे लागते. अ‍ॅपवर आधार, ओटीपी, फोटो, बँक खाते असे सगळे सोपस्कार आधी, काम नंतर.

बेंगळुरूत 2007 मध्ये शॉन ब्लॅग्सवेट यांनी ‘बाबाजॉब’ सुरू केले, तेव्हा स्मार्टफोन सामान्यांच्या हाती नव्हते. स्वयंपाकी, चालक, घरकामगार यांच्यासाठी नुसते संकेतस्थळ पुरेना, म्हणून साध्या फोनवरूनही नोंदणीची सोय करावी लागली. दहा वर्षांनी, 2017 मध्ये ‘क्विकर’ने ही कंपनी घेतली.

ओळख झाली की अ‍ॅप कशाला?

हा या धंद्यातला जुनाच पेच. रंगारी आवडला की पुढच्या वेळी घरमालक थेट त्यालाच फोन करतो. त्यात दोघांचेही चुकत नाही, कमिशन वाचते. पण ज्या कंपनीची कमाई केवळ क्रमांक पुरवण्यावर आहे, तिला रोज नवे ग्राहक शोधत बसावे लागते. 2014 मध्ये सुरू झालेली ‘अर्बनक्लॅप’, म्हणजे आजची ‘अर्बन कंपनी’, आधी ग्राहकांची माहितीच कारागिरांना देत असे. पुढे तिने दर ठरवणे, प्रशिक्षण, साहित्य आणि पैसे स्वीकारणे हे सारे आपल्याकडे घेतले. थोडक्यात, गाठ घालून देणारा मध्यस्थ टिकायचा असेल, तर त्याला व्यवहाराची जबाबदारी घ्यावी लागते. ती किती आणि कुणासाठी घ्यायची, यावर मजुराचे भले अवलंबून आहे.

जपानमध्ये काय घडले?

एक-दोन दिवसांच्या किंवा काही तासांच्या कामासाठी जपानमध्ये ‘टायमी’ हे अ‍ॅप 2018 पासून चालते. रयो ओगावा यांनी विद्यार्थिदशेत सुरू केलेली ही कंपनी जुलै 2024 मध्ये टोकियो शेअर बाजारात नोंदली गेली. उपाहारगृह, गोदाम किंवा दुकान आपली पाळी अ‍ॅपवर टाकते. मुलाखत नाही, अर्ज नाही. कामगार पाळी निवडतो, कामाच्या जागी क्यूआर कोड स्कॅन करून आत जातो आणि तसाच बाहेर पडतो. कळीची गोष्ट पुढे आहे. मजुरी कंपनी स्वतःच्या पैशातून लगेच देते आणि मालकाकडून नंतर वसूल करते. मजुरीच्या साधारण 30 टक्के शुल्क मालक भरतो, कामगार नव्हे. ‘उद्या देतो’ हे ऐकण्याची वेळ येत नाही.

तिथेही सगळे आलबेल नाही. ऐनवेळी मालकाने पाळी रद्द केली, तर काय? अशा अ‍ॅपवर कामगाराने पाळी घेतली की साधारणपणे तिथेच करार होतो आणि मालकाच्या कारणाने काम रद्द झाल्यास भरपाई देय ठरते, असे तेथील कामगार मंत्रालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले.

महाराष्ट्राला हे नवे आहे का?

मुळीच नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर 1969 मध्ये माथाडी कायदा आला. त्यात मालक आणि कामगार दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि त्यावरील लेव्ही मंडळात भरतो; मंडळ कामगाराला पगार देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस यांची तजवीज करते. मालक रोज बदलला तरी हिशेब एकाच ठिकाणी राहतो. मोबाइल नसतानाचा हा प्लॅटफॉर्मच म्हणायचा. त्यात पुढे गैरप्रकार शिरले हे खरे, पण मजुरीच्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर आजच्या बहुतेक अ‍ॅपपेक्षा पुढचे होते.

नवा कायदा कुठपर्यंत पोहोचतो?

निती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात 2020-21 मध्ये 77 लाख गिग कामगार होते. 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील, असा अंदाज आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची व्याख्या आहे. अ‍ॅग्रीगेटर कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्के ही तिची कमाल मर्यादा. मात्र हा पैसा विमा, आजारपण, वृद्धापकाळ यांसाठी आहे. बुडालेली मजुरी त्यातून मिळत नाही.

नुसते क्रमांक पुरवणाऱ्या अ‍ॅपवरून दोन दिवसांचे गवंडीकाम मिळाले आणि पैसे बुडाले, तर मजुराला दाद मालकाविरुद्धच मागावी लागते. त्यासाठी आधी तिथे काम केल्याचा पुरावा लागतो. आत-बाहेर स्कॅन केलेल्या क्यूआर कोडची नोंद तो पुरावा ठरू शकते. फोनमध्ये सेव्ह केलेला क्रमांक तेवढा पुरत नाही.