लष्करी जीपचे इग्निशन : साधे सामान बसवायचे तर पूर्ण बसवा



जीप आपल्या भागात कुणाला नवी नाही. चिटबॉयपासून चेअरमनसाहेबांपर्यंत सगळेच तिच्यात बसून फडावर गेलेले आहेत. महिंद्रा कंपनीने वर्षानुवर्षे जी सी.जे.-३-बी जीप बनवली, तिच्यात 'हरिकेन' हे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असे. तेच इंजिन अमेरिकन लष्कराने १९५२ पासून घेतलेल्या एम-३८-ए-१ या जीपमध्येही आहे. इंजिन एकच, पण ठिणगी पाडण्याची व्यवस्था अगदी वेगळी. लष्कराने मोडीत काढलेल्या या जीपा अमेरिकेत व कॅनडात हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. जुने लष्करी इग्निशन रुसले की बाजारातले साधे सामान बसवावे का, हा प्रश्न तिथे नेहमीचा. आपल्याकडे ही गाडी सहसा दिसणार नाही. पण ट्रकचे चोवीस व्होल्ट आणि ट्रॅक्टरचे बारा व्होल्ट यांची गल्लत करून ज्यांनी सामान जाळले आहे, त्यांना यातले दुखणे लगेच कळेल.

आधी साधी गाडी घ्या. बॅटरीचा करंट कॉइलमध्ये जातो. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट उघडले की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो आणि तो वायरीतून प्लगकडे जातो. कॉइल, डिस्ट्रिब्यूटर, वायरी, प्लग सगळे उघड्यावर असते. पावसात भिजले की गाडी मिसिंग करते, मग फडक्याने पुसून पुन्हा हँडल मारायचे.

लष्कराला हे चालणारे नव्हते. गाडी ओढ्यातून गेली पाहिजे, आणि प्लगच्या ठिणगीने शेजारच्या वायरलेसमध्ये खरखर होता कामा नये. म्हणून या जीपमध्ये कॉइल डिस्ट्रिब्यूटरच्याच डब्यात घातली आणि डबा पाणी शिरणार नाही असा बंद केला. वायरींवर धातूच्या जाळीचे वेष्टन दिले. प्लगही लोखंडी नळकांड्यातले, वरून चाकी फिरवून आवळायचे. बॅटऱ्या दोन, बारा-बारा व्होल्टच्या, जोडून चोवीस.

या बंद डब्यात एक गोम आहे. ठिणगीमुळे आतल्या हवेचा तिखट वायू बनतो. तो ओलाव्यात मिसळला की आम्ल होते आणि पॉइंट खाऊन टाकते. म्हणून डब्यात हवा खेळती ठेवायला बारीक नळ्या दिलेल्या असतात. त्या चोंदल्या किंवा कुणी काढून टाकल्या की डबा आतून सडतो. तेव्हा गाडी बंद पडली की लगेच सगळा संच फेकायला निघू नये. नळ्या फुंकून पाहाव्यात, पॉइंट पाहावेत, जाळीच्या आत वायर चिरून अर्थ होते का ते पाहावे. निम्म्या वेळा रोग एवढाच असतो, असे माझे मत.

तरीही बदलायचेच ठरले, तर पहिला प्रश्न व्होल्टचा. बहुतेक घोटाळे इथेच होतात. बारा व्होल्टच्या कॉइलचा आतला रोध तीन ओहम धरू. बारा व्होल्टवर ती चार अँपिअर करंट घेते, म्हणजे ४८ वॅट. तीच चोवीस व्होल्टवर लावली तर करंट आठ अँपिअर आणि उष्णता १९२ वॅट! व्होल्ट दुप्पट, पण ताप चौपट. त्यातच गाडी बंद ठेवून स्विच चालू राहिला नि पॉइंट मिटलेले असले, तर कॉइल भाजून निघते आणि पॉइंटही काळे पडतात.

यावर काही जण शक्कल काढतात. दोनांपैकी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्टची वायर काढतात. गाडी चालते, नाही असे नाही. पण जुवाला दोन बैल जुंपून ओझे एकाच्याच मानेवर टाकावे, तसली ही गत आहे. एक बॅटरी उतरत जाते, दुसरीत गरजेपेक्षा जास्त चार्ज जाऊन तिचे पाणी आटते, आणि वर्षभरात दोन्ही बाद. हे करूच नका.

सरळ वाटा दोन. मुळातच चोवीस व्होल्टची कॉइल मिळाली तर उत्तम. नाहीतर बारा व्होल्टच्या कॉइलच्या आधी तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर घालावा. वरच्या हिशेबात तीन ओहमचा. तोही ४८ वॅट ताप सोसणारा हवा, रेडिओतला बारका नव्हे. तो चांगलाच तापतो. म्हणून पेट्रोलच्या नळीपासून व वायरीच्या जुडग्यापासून दूर, पत्र्यावर आवळून बसवावा. यात आळस झाला तर आगीशी गाठ आहे. सगळी गाडीच बारा व्होल्टची करायची म्हटली तर डायनामो, रेग्युलेटर, बल्ब, काट्यांची घड्याळे सगळे बदलावे लागते. तो खर्च इग्निशनपुरता परवडत नाही.

दुसरी गोष्ट, सामान अर्धे बदलू नये. लष्करी वायर साध्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत बसत नाही आणि साधी वायर लष्करी प्लगवर बसत नाही. डिस्ट्रिब्यूटर, कॉइल, वायरी, प्लग हा एकच संच समजावा. इंजिन एकच असल्याने साध्या जीपचा डिस्ट्रिब्यूटर त्याच जागी बसतो, आणि प्लगची चूडही तीच, चौदा मिलिमीटर. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याची जीभ मध्यभागी नसते, एका बाजूला सरकलेली असते, त्यामुळे ती ऑइल पंपाच्या खाचेत एकाच तऱ्हेने बसते. जोर लावू नये. ऑइल पंप मात्र हलवू नये, नाहीतर टायमिंगची सगळी मांडणी चुकते.

पॉइंटची फट वीस थाउ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगची तीस थाउ. ठिणगीचा क्रम १-३-४-२, आणि वायरी वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने लावाव्यात. टायमिंग टी.डी.सी.च्या पाच अंश आधी.

लष्करी डबा काढल्यावर हवेच्या नळ्यांची तोंडे उघडी राहतात, ती बुचाने पक्की बंद करावीत. हे बरेच जण विसरतात. मग तिथून फिल्टरशिवाय धूळ थेट इंजिनात जाते, आणि फडातली धूळ पिस्टनचे काय करते ते आपल्याला सांगायला नको.

बदल केल्यावर जीप ओढ्यात खोल घालता येणार नाही, हेही ध्यानात असू द्या. ट्रान्झिस्टरमध्ये खरखर येईल, तिला कार्बनच्या वायरी पुष्कळ अंशी आवरतात. काढलेला लष्करी संच तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवावा. असे अस्सल सामान आता नव्याने बनत नाही, आणि उद्या गाडी विकायची झाली तर गिऱ्हाईक पहिल्यांदा त्याचीच चौकशी करते.