एका गोणीचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक बाई आल्या. नवरा वारलेला, गायरानाची दोन एकर जमीन कसतात, सातबारा नाही. केस अतिक्रमणाची. कागद चाळताना त्यांनी मध्येच विचारले, "वकीलसाहेब, युरियानं हवा तापते म्हणून गावात मीटिंग झाली. आमच्या एका गोणीनं किती तापत असंल?" उत्तर शोधायला मला चार दिवस लागले.

गोणी ४५ किलोची. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. ते सगळे पिकाला मिळत नाही. मातीतले जिवाणू त्यातल्या थोड्या नत्राचा नायट्रस ऑक्साइड वायू करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो, असे आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीचा २०२१ चा अहवाल सांगतो. टाकलेल्या नत्रापैकी एक टक्का असा जातो, असे याच समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेने धरले. गुणाकार केला तर गोणीमागे सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. युरियातून थेट सुटणारा कार्बन डायऑक्साइड आणखी ३३ किलो. एकूण १२२. कारखान्यात जळालेला नैसर्गिक वायू यात नाही, तो उद्योगाच्या खात्यात जातो.

पण हा एक टक्का म्हणजे पुरावा नव्हे, अनुमान आहे! खरे मोजायचे तर सरीत बंद पेटी ठेवून ठराविक वेळाने सिरिंजने हवा काढावी लागते आणि ती प्रयोगशाळेत तपासावी लागते. खत टाकल्यावर पाऊस पडला की हा वायू एकदम उसळतो, मग आठवडेच्या आठवडे फारसे काही नसते. तो नेमका दिवस चुकला तर सगळे मोजमाप चुकले. प्रत्येक वावरात पेटी कोण ठेवणार? म्हणून गुणाकार चालतो.

उलटतपासणीत हे अनुमान टिकलेही नाही. २०१९ च्या सुधारणेत समितीनेच दमट हवामानात रासायनिक खतासाठी १.६ टक्के आणि कोरड्या हवामानात अर्धा टक्का असा भेद केला. उष्ण प्रदेशात ही सीमा वर्षाला १००० मिलिमीटर पावसाची. मराठवाड्याचा बराच भाग कोरड्या बाजूला येतो. म्हणजे या बाईंची गोणी १२२ नव्हे, ७७ किलोच्या आसपास. तरीही सरसकट आकडा लावला, तर जाब कोणाला विचारायचा?

आता पैशाकडे येऊ. २०२४ च्या जानेवारीत केंद्राने शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. एक टन वाचवला की एक क्रेडिट. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. सगळे युरियातून दिले तर एकरी पावणेआठ गोण्या. दहा एकरवाल्या बागायतदाराने पाचवा हिस्सा कमी केला की पंधरा गोण्या वाचल्या, २००६ च्या दराने पावणेदोन टनांहून जास्त. या बाई दोन एकरांत दोन गोण्या टाकतात. त्यांनी त्याही सोडल्या तर दीडशे किलो! मोजमाप कालच्या वापरातून आजचा वापर वजा करते. ज्याने जास्त टाकले त्याच्याकडे वजा करायला काही आहे. ज्याला खत परवडलेच नाही, त्याच्या खात्यात बक्षीस येण्याची वाट नाही. वायू कमी व्हावा याला माझा विरोध नाही. बागायतदारानेही खत कमी करावेच. पण कमी वापरणाऱ्याच्या संयमाला मोल नसलेली फूटपट्टी मी न्याय्य मानणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधात दाखवले होते की शेत किफायतशीर आहे की नाही, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्याला किती भांडवल आणि श्रम जोडले, हे पाहावे लागते. खताच्या हिशेबालाही तेच लागू आहे. वायूचा आकडा मांडताना त्या शेतातून किती धान्य निघाले आणि त्यावर किती माणसे जगली, हे शेजारच्या रकान्यात लिहिले पाहिजे. आज तो रकाना कोणी मागत नाही.

आणि आधी नाव तरी हवे. कार्बनचा करार जमिनीच्या कागदावर होणार. गायरान कसणाऱ्याकडे असलाच तर गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीचा उतारा. तीस-चाळीस वर्षे कसूनही अनेकांची तिथे नोंद नाही. बाईंना मी गोणीचा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "मग लिहून घ्या ना कुठंतरी." १-ई च्या नकलेसाठी तिसरा अर्ज मी गेल्या आठवड्यात दिला आहे.