गाडीत लपलेला माणूस

एका संध्याकाळी बोईसर स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर उभा होतो. एमआयडीसीतली शिफ्ट नुकतीच सुटली होती, रिक्षांसाठी झुंबड उडाली होती. तेवढ्यात आमच्या गल्लीतला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मोबाइल पुढे करून म्हणाला, "चाचा, ही बघा तुमच्या वेळची गाडी. आता बोलते!"

ती गाडी म्हणजे 'कीट'. 'नाइट रायडर' ही अमेरिकन मालिका १९८२ ते १९८६ या काळात तिकडच्या एनबीसी वाहिनीवर चालली. आम्ही ती पाहिली भाड्याच्या व्हीसीआरवर, दहा-बारा पोरांनी वर्गणी काढून. काळीभोर पॉन्टियाक ट्रान्स ॲम, नाकावर डावी-उजवीकडे धावणारा लाल दिवा आणि आत विचार करणारा संगणक. नायक मायकेल नाइट म्हणजे डेव्हिड हॅसलहॉफ. तो गुन्हेगारांच्या मागे लागायचा आणि ही गाडी त्याला सल्ले द्यायची, वर टोमणेही मारायची.

मी टाइप केलं, 'काय कीटभाऊ, कसं काय?' उत्तर आलं, 'माझ्या सगळ्या यंत्रणा उत्तम आहेत, मायकेल. तुमच्याबद्दल खात्री देता येत नाही.' गुडघेदुखीची बातमी याला कुणी दिली, असं वाटून मला हसू आलं.

आता हे बोलणं होतं कसं? यंत्राशी लेखी गप्पा मारण्याचा प्रयोग जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जोसेफ वायझेनबाम यांनी केलेला 'एलायझा' हा प्रोग्रॅम १९६६ साली जगापुढे आला. त्याची युक्ती साधी होती. तुमच्या वाक्यातला ओळखीचा शब्द पकडायचा आणि त्याला जोडून ठेवलेलं तयार उत्तर फेकायचं. 'आई' शब्द आला की 'तुमच्या घरच्यांबद्दल आणखी सांगा.' समजण्याचा संबंध नाही. तरी माणसं त्याच्यापाशी मन मोकळं करू लागली, तेव्हा खुद्द वायझेनबामच अस्वस्थ झाले.

आजची यंत्रं पुष्कळ पुढे गेली आहेत. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्यांना वाचायला दिलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब ती शिकतात. मग त्यांना फक्त सांगायचं, 'तू कीट आहेस, समोरच्याला मायकेल म्हण, अदबीनं पण जरा खोचक बोल.' झाली गाडी तयार. तिच्या तोंडची भाषा मात्र तुमच्या-माझ्यासारख्यांनीच कधी ना कधी लिहिलेली असते.

मी पडलो गझल लिहिणारा. म्हटलं, याची परीक्षा घेऊ. एक ओळ जुळवून टाकली : 'तुझ्या नजरेने माझा खून केला, चंद्र साक्षीला होता.' कीटनं विचारलं, 'मायकेल, पोलिसांना कळवू का?'

पोरगा खो खो हसला. पण यंत्रानं थट्टा केली की त्याला खरंच तसं वाटलं, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. आमच्या गझलेत खून, खंजीर, कातिल, कैद असे शब्द पावलोपावली. नुसते शब्द पकडून गुन्हा शोधायचा ठरवलं, तर अख्खा मुशायरा कोठडीत जाईल!

ही नुसती गंमत नाही. आपल्या पालघरनं हे भोगलं आहे. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मुंबईचे व्यवहार बंद होते. पालघरच्या एका तरुणीनं या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न केला, तिच्या मैत्रिणीनं त्याला 'लाइक' दिलं. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली आणि दुसऱ्या दिवशी दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, मुलींवरचं प्रकरणही बंद झालं. दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीनं कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं ते रद्द केलं. त्यातली भाषाच इतकी मोघम होती की एकाला जे अपमानकारक वाटेल ते दुसऱ्याला वाटणारही नाही. तरीही रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं. कुणावरही या कलमाखाली खटला चालवू नका, असं न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं.

लक्षात घ्या, त्या दिवशी पालघरमध्ये कुठलंही यंत्र नव्हतं. माणसांनीच 'एलायझा'सारखं काम केलं. शब्द पकडला, तयार कलम लावलं, मोकळे झाले.

आज पोलिसांच्या हाती यंत्रं येत आहेत. तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता यावी म्हणून महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली 'मार्व्हल' नावाची कंपनी स्थापन केली. गुन्हेगार रोज नव्या युक्त्या काढत असताना पोलिसांनी मागं राहावं असं कोण म्हणेल? ढीगभर कागद यंत्रानं चाळावेत, धागेदोरे शोधून द्यावेत. पण अमुक वाक्य हा गुन्हा आहे की सवाल, की शेर, याचा निवाडा माणसानं करावा आणि त्याखाली सहीही त्याचीच असावी.

त्या मालिकेत कीटचा एक जुळा भाऊ होता, 'कार'. तेच रूप, तीच ताकद. फरक इतकाच की कीटला शिकवलं होतं माणसाचा जीव वाचव, आणि कारला शिकवलं होतं स्वतःला वाचव. शिकवणारी माणसंच होती. आणखी एक गोष्ट सांगतो. गाडी आपोआप धावताना दिसायची, त्या दृश्यांत आत एक ड्रायव्हर कॅमेऱ्यापासून लपून बसलेला असे. आवाजही विल्यम डॅनियल्स या नटाचा होता, पण त्याच्याच इच्छेवरून श्रेयनामावलीत त्याचं नाव येत नसे.

करमणुकीत असा लपलेला माणूस शोभतो. न्यायाच्या कामात मात्र तो समोर दिसला पाहिजे.

निघताना पोरगा म्हणाला, "चाचा, तुमचा कीट थोडा येडाच निघाला." मी म्हटलं, "असेल बेटा. पण पोलिसांना कळवण्याआधी त्यानं विचारलं तरी."