फ्रान्सच्या खेड्यातील कामकऱ्यांची खानावळ

फ्रेंच स्वयंपाकाची कीर्ती पॅरिसमधील उंची उपाहारगृहांमुळे जगभर पसरली असली, तरी त्या देशातील लहान गावांत कामाच्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला कागद अंथरलेल्या टेबलांवर जे साधे जेवण मांडले जाते, ते पाहिल्याशिवाय फ्रेंच माणसाचे जेवणाशी असलेले नाते नीट कळत नाही. अशा जागेला ‘रेस्तोराँ उव्रिए’ म्हणतात. ‘उव्रिए’ म्हणजे कामगार. आणि मराठीत तिच्यासाठी सर्वांत जवळचा शब्द ‘खानावळ’ हाच ठरतो, कारण येथेही माणूस पदार्थ निवडायला येत नाही, तर त्या दिवशी जे शिजले असेल ते पोटभर जेवायला येतो. मुंबईच्या गिरणगावातील खानावळ गावी घर सोडून आलेल्यांना महिन्याच्या ठरलेल्या पैशांत रोजचे जेवण पुरवीत असे. फ्रेंच खानावळीचा संबंध मात्र दुपारच्या एका जेवणाशीच असतो आणि हिशेब बहुधा त्याच वेळी चुकता होतो.

या जेवणाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम ‘आंत्रे’, म्हणजे आरंभीचा थंड पदार्थ: किसलेले गाजर, मेयोनेझ घातलेले उकडलेले अंडे, बीट, डुकराच्या मांसाची तेरीन नावाची घट्ट वडी. ब्रिटनीसारख्या पश्चिमेकडील प्रांतात हे सारे एका लांब टेबलावर मांडून ठेवतात आणि ज्याने त्याने हवे तेवढे वाढून घ्यावे अशी रीत आहे. त्यानंतर ‘प्ला द्यु जूर’, म्हणजे त्या दिवसाचा मुख्य पदार्थ, येतो. मग चीजचे ताट, शेवटी कॅरमल पुडिंग, दूध-तांदळाची खीर किंवा सफरचंदाचा टार्ट यांपैकी एखादे गोड, आणि कॉफी. अनेक ठिकाणी पाव लिटर वाइनही याच दरात धरलेली असते. काटा-सुरी पहिल्या पदार्थानंतर उचलली जात नाही. ती पुसून पुढच्या पदार्थासाठी जवळ ठेवायची असते, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. पाव आणि साधे पाणी यांचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, असे १९६७ च्या शासकीय आदेशापासून ठरलेले आहे, तर १९८७ पासून लिहिलेल्या दरातच सेवेचा आकार धरणे बंधनकारक झाले.

अलीकडे या संपूर्ण जेवणाला साधारण १४ ते १७ युरो पडतात. रुपयांत तो आकडा मोठा दिसतो. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्समधील किमान वेतन तासाला ११.८८ युरो होते, हे ध्यानात घेतले म्हणजे अंगमेहनत करणाऱ्याच्या तास-दीड तासाच्या कमाईत चार टप्प्यांचे जेवण होते, असा त्याचा खरा अर्थ निघतो. हे परवडते कसे, याचे उत्तर मुख्यतः एकाच पदार्थाच्या शिस्तीत आहे. मुख्य पदार्थ एक किंवा फार तर दोन असल्यामुळे साठवण कमी लागते, वाया जवळजवळ काही जात नाही, सकाळपासून एकच मोठे पातेले मंद आचेवर ठेवता येते आणि बारा ते दोन या वेळात दोन-तीन माणसे शंभरएक ताटे वाढू शकतात. पदार्थही या हिशेबाला साजेसे असतात. वासराच्या स्वस्त भागाचे मांस पांढऱ्या रश्श्यात तासन्‌तास शिजवून केलेले ‘ब्लांकेत’, खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेली मसूर, किंवा ‘आशी पार्मांतिए’, म्हणजे खिम्यावर बटाट्याच्या लगद्याचा थर देऊन भाजलेला पदार्थ, हे त्यांतले नेहमीचे. अठराव्या शतकात बटाट्याच्या प्रसारासाठी झटलेल्या आंत्वान पार्मांतिए या औषधशास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले आहे, आणि आदल्या दिवशीच्या उकडलेल्या मांसाचे सोने करण्याची सोय म्हणून तो घरोघरी होतो. शुक्रवारी मासे ठेवण्याची जुनी कॅथलिक रीतही अनेक खानावळी पाळतात.

मात्र या दरामागे मालकांच्या कष्टांचाही मोठा वाटा असतो. बहुतेक ठिकाणी नवरा-बायकोच ही खानावळ चालवतात. पहाटे न्याहारीच्या कॉफीपासून दुपारच्या भांड्यांपर्यंतचे सारे काम त्यांच्याकडेच असते आणि त्या श्रमाचे पूर्ण मोल ताटाच्या किमतीत येत नाही. मालक निवृत्त झाल्यावर खानावळ चालवायला पुढे कोणी येत नाही, याचे हेच एक कारण आहे, आणि स्वस्ताईचे कौतुक करताना ते विसरणे अन्यायाचे होईल.

ग्राहकांचा ओघ टिकण्यामागे कायदाही आहे. कामाच्या जागीच जेवण्यास फ्रान्समध्ये १८९४ च्या एका हुकुमाने बंदी घातली. धूळ आणि विषारी द्रव्ये कामगारांच्या पोटात जाऊ नयेत, हा तिचा हेतू होता. कामासाठी नेमलेल्या खोलीत जेवू न देण्याचा नियम आजही श्रमसंहितेत आहे आणि कोविडच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, तो तात्पुरता शिथिल करण्यासाठी सरकारला खास आदेश काढावा लागला. बांधकामावरील मजुराला दुपारी घरी जाणे शक्य नसेल, तर मालकाकडून जेवणाचा भत्ता मिळतो. शिवाय १९६७ पासून ‘तीत्र-रेस्तोराँ’ ही जेवणाच्या कुपनांची पद्धत कायद्याने चालू असून, कुपनाच्या किमतीचा ५० ते ६० टक्के भाग नोकरी देणारा भरतो. खानावळीच्या दारातील गर्दी ही केवळ खवय्येगिरीतून आलेली नाही. दुपारची सुट्टी आणि बसून घेतलेले गरम जेवण हा श्रमाच्या मोबदल्याचाच भाग आहे, असे त्या समाजाने ठरवले आणि ते नियमांत उतरवले.

याच कुळातील दुसरी शाखा म्हणजे ‘रले रुतिए’, ट्रकचालकांचे थांबे. १९३४ मध्ये फ्रांस्वा द सोलिए यांनी ट्रकचालकांसाठी ‘ले रुतिए’ हे वृत्तपत्र सुरू केले आणि त्यातूनच रस्त्याकाठच्या चांगल्या, स्वस्त खानावळींची यादी व लाल-निळी गोल पाटी जन्माला आली. ही पाटी दिसली की पोटभर जेवण, अंघोळीची सोय आणि गाडी लावायला जागा मिळणार, अशी खात्री चालकांना वाटे. पुढे द्रुतगती महामार्ग आले. पॅरिस ते मार्सेय हा मार्ग १९७० मध्ये पूर्ण झाला आणि जुन्या राष्ट्रीय रस्त्यांवरची वाहतूक वळली. साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती सक्तीची करणारा युरोपीय नियम, थांबण्याच्या वेळा नोंदवणारे यंत्र आणि घाईच्या मालपोचणीचे गणित यांमुळे निवांत जेवण चालकाच्या हातून निसटत गेले. एकेकाळी हजारोंनी असलेले हे थांबे आता काही शेकड्यांवर आले आहेत.

खेड्यातील कॅफेंचीही अशीच पीछेहाट झाली आहे. १९६० च्या सुमारास देशभर दोन लाखांच्या आसपास असलेल्या कॅफेंची संख्या आज चाळीस हजारांच्या घरात आहे. प्रोव्हान्सच्या डोंगराळ भागात १९९० च्या दशकात सुरू झालेली ‘बिस्त्रो द पेई’ ही मान्यता लहान गावातील शेवटची खानावळ टिकवण्यासाठीच आहे. २०१९ च्या एका कायद्याने साडेतीन हजारांहून कमी वस्तीच्या गावांना, जिथे मद्यविक्रीचा पूर्ण परवाना उरलेला नाही तिथे, तो नव्याने देण्याची तात्पुरती मुभा दिली. हे प्रयत्न योग्यच आहेत, कारण खानावळ बंद पडली की गवंडी, शेतकरी, टपालवाला आणि एकटी राहणारी म्हातारी माणसे यांना एका टेबलाशी आणणारी गावातली जागाच नाहीशी होते.

स्वस्त म्हणजे घरगुतीच असे मात्र समजू नये. कारखान्यात तयार झालेले पदार्थ गरम करून वाढणारी उपाहारगृहे वाढल्यामुळे २०१४ मध्ये ‘फे मेझों’, म्हणजे ‘येथेच शिजवलेले’, या शब्दांचा अर्थ कायद्याने निश्चित झाला आणि छप्पर असलेल्या पातेल्याचे चिन्ह ठरले. कच्चा माल गोठवलेला असला तरी चालतो, आणि पाव, चीज, शेवया बाहेरून आणता येतात. त्यामुळे ही व्याख्या सैल आहे असा आक्षेप घेतला गेला, आणि तो रास्त आहे. युनेस्कोने २०१० मध्ये फ्रेंचांच्या सणासमारंभाच्या भोजनपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तोच पदार्थांचा क्रम आणि तेच एकत्र बसणे आठवड्यातले पाच दिवस जपणाऱ्या या खानावळीला त्या सन्मानाचा तेवढाच हक्क आहे.

फ्रान्सला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने गाव सोडताना रस्त्याकडेला लक्ष ठेवावे: दारात कामगारांच्या पांढऱ्या गाड्या उभ्या असतील आणि पाटीवर खडूने एकच पदार्थ लिहिलेला असेल, तर तिथे थांबावे. बाराला पोहोचावे, कारण दीडनंतर पातेले रिकामे झालेले असते. शनिवार-रविवारी यातल्या बहुतेक खानावळी बंद असतात, कारण कामगारांना सुट्टी असते.