परदेशांतील लहान गांव

परदेशगमन म्हटलें कीं एके काळीं आमच्याकडे लंडन, न्यूयॉर्क अशीं अफाट शहरेंच डोळ्यांपुढें उभीं राहत. मनुष्य समुद्रापार जाई तो मोठी पदवी, मोठा पगार किंवा मोठें नांव मिळविण्यासाठीं. हल्लीं आमच्या बेलवलींत मात्र एक निराळेंच बोलणें कानीं येऊं लागलें आहे. पहांटेच्या गाडीनें मुंबईस जाणारे व रात्रीं दहाच्या सुमारास घरीं परतणारे तरुण स्त्रीपुरुष म्हणतात, "आम्हांला मोठें शहर नको. कॅनडांत नाहीं तर न्यूझीलंडांत एखादें लहानसें गांव मिळावें, चार माणसें ओळखीचीं असावींत, कामावर पायीं जातां यावें, कीं झालें." ह्या इच्छेंत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. रोज तीन-साडेतीन तास लोकलच्या गर्दींत चेंगरणाऱ्या माणसाला शांत गांवाचें स्वप्न पडलें तर त्यांत नवल तें काय? परंतु लहान गांव म्हणजे काय, तें परदेशीं कोणत्या अटींवर मिळतें, आणि आपल्या मराठी भाषा बोलणाऱ्यांपैकीं जे पूर्वीं अशा गांवीं जाऊन राहिले त्यांचें काय झालें, हें समजून घेतल्यावांचून घरची जागा विकून निघणें बरें नव्हे. म्हणून हा विषय आम्हीं आज घेतला आहे.

प्रथम बेलवलीचीच हकीकत पाहूं. कारण ह्या बाबतींतला पहिला धडा आपल्या दाराशींच आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील हें जुनें खेडें. कल्याणाहून पळसदरीवरून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग 1856 सालीं सुरू झाला, तो ह्या भागांतूनच गेला. तरी त्यानंतर कित्येक वर्षें हा सारा मुलूख भातशेतीचा, आगरी-कुणबी वस्तीचा, डोंगराकडील ठाकूर-कातकरी पाड्यांचा आणि जांभळांच्या झाडांचाच राहिला. पुढें मुंबईच्या चाळींत जागा पुरेना तेव्हां लोक इकडे वळले. जागा स्वस्त हें कारण खरेंच. पण येणाऱ्यांच्या मनांत दुसरेंहि एक कारण असे. नदी जवळ, डोंगर समोर, रात्रीं बेडकांचा आवाज. म्हणजे आज आमचे तरुण जें परदेशीं शोधूं पाहत आहेत, तेंच त्यांचे आईबाप येथें शोधीत आले होते.

मग काय झालें? बेलवली आतां कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दींत आहे. ह्या नगरपरिषदेची लोकसंख्या 2001 सालच्या शिरगणतींत सुमारें 98 हजार होती. 2011 सालीं ती 1,74,226 भरली. ज्यानें गांव पाहून घर घेतलें त्याच्या खिडकीसमोर दहा वर्षांत दुसरी इमारत उभी राहिली, आणि तींत जे राहावयास आले तेहि गांव पाहूनच आले होते! शिवाय बदलापुराहून मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस 68 किलोमीटर. घर येथें आलें, पण पोट तेथेंच राहिलें. सूर्योदयापूर्वीं गांव सोडणाऱ्या व अंधार पडल्यावर परत येणाऱ्या माणसास गांवाचा लाभ रविवारच्या सकाळपुरताच व्हावयाचा. गांवांतील जुना रहिवासी त्याला वीस वर्षांनींहि 'बिल्डिंगींतले' म्हणूनच ओळखतो, ह्यांत त्या रहिवाशाचा दोष आम्हांस तरी दिसत नाहीं.

तरीहि गांवपण अगदींच आटलें आहे असें नव्हे. 27 जुलै 2019 रोजीं बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली व हजाराहून अधिक उतारू पाण्यानें वेढले गेले. त्या वेळीं आपत्तिनिवारण दल, नौदल व सैन्य ह्यांच्या बरोबरीनें आसपासचे गांवकरीहि धांवून गेले. ज्यांस त्या नदीचें पाणी कोठें किती चढतें तें ठाऊक, तेच अशा वेळीं उपयोगीं पडतात. गांव म्हणजे शांतता नव्हे. कोणाच्या दारीं कधीं जावें लागतें ह्याचें ज्ञान म्हणजे गांव, अशी आमची समजूत आहे. हें ज्ञान परक्या मुलखांत कसें मिळतें, तें पाहण्यास एक उदाहरण आपल्या कोंकणांतलेंच आहे.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील खेड्यांत बेने इस्राएल नांवाचा ज्यू समाज शेंकडों वर्षें राहत आला. त्यांचे पूर्वज अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यास जहाज फुटून लागले व त्यांतून सात जोडपीं वांचलीं, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं तो बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. मातृभाषा मराठी, आडनांवें पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. ज्या गांवीं राहिले त्याचें नांव त्यांनीं आपल्या नांवास जोडून घेतलें, ह्याहून गांवाशीं अधिक जवळचा संबंध तो कोणता असूं शकेल? अठराव्या शतकापासून त्यांतील पुष्कळ जण मुंबईस आले. 1796 सालीं सामुएल इझिकेल दिवेकर ह्यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधविलें. पुढें सैन्य, रेल्वे, गिरण्या, सरकारी कचेऱ्या, शाळा अशा सर्व ठिकाणीं हे लोक दिसूं लागले.

1948 सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें. त्या वेळीं बेने इस्राएलांची भारतांतील संख्या वीस हजारांच्या आसपास होती. पुढील दोन-तीन दशकांत त्यांतील बहुतेक तिकडे गेले. हे लोक साध्या राहणीच्या शोधांत गेले नव्हते, हें आम्ही जाणतों. पूर्वजांची भूमि म्हणून ते गेले. पण लहान गांव त्यांच्या वांट्यास आलेंच. नव्या सरकारला ओसाड दक्षिण भाग वसवावयाचा होता, म्हणून येणाऱ्या पुष्कळ कुटुंबांस बैरशेबा, दिमोना अशा ठिकाणीं घरें मिळालीं. दिमोना हें गांव नेगेव्हच्या वाळवंटांत 1955 सालीं नव्यानेंच वसविलेलें. तेथें नदी नव्हती, आंबा नव्हता, समुद्रावरचा वारा नव्हता. मुंबईच्या कचेरींत लेखणी चालविणाऱ्या कित्येक गृहस्थांस तेथें हातानें कष्टाचें काम करावें लागलें, आणि घरांतील वृद्धांस दुकानांत मीठ मागण्यापुरतीहि हिब्रू भाषा येत नव्हती.

आरंभीं हें सर्वांस सोसलें नाहीं. आपणांस रंगावरून कमी लेखतात अशी तक्रार करून कांहीं कुटुंबांनीं धरणें धरलें व 1952 सालीं तीं भारतांत परत आलीं. विशेष हें कीं, त्यांतील बहुतेक कुटुंबें पुढें पुन्हा इस्राएलास गेलीं. एकदां उठलेल्या माणसास जुनें गांवहि पूर्वीसारखें राहत नाहीं, असा ह्याचा अर्थ आम्ही करतों. त्याहून मोठा घाव विवाहाच्या प्रश्नावर बसला. बेने इस्राएल हे पूर्ण ज्यू आहेत कीं नाहींत, त्यांशीं इतर ज्यूंनीं लग्नसंबंध करावा कीं पूर्वजांची चौकशी करावी, असा वाद तेथील धर्मपीठानें उपस्थित केला. तेव्हां ह्या समाजानें यरुशलेमेंत ठाण मांडलें. आणि 1964 च्या ऑगस्ट महिन्यांत तेथील विधिमंडळानें त्यांस सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचें मानावें असा ठराव केला. म्हणजे आपल्याच धर्माच्या, आपणांस बोलावून नेलेल्या देशांतहि 'तुम्ही आमचे' हें शब्द ऐकण्यास सोळा वर्षें लागलीं.

आणि तरीहि दिमोनेंत त्यांचें बस्तान बसलें. कशानें? आमच्या मतें तीन गोष्टींनीं. काम होतें, नातलग शेजारीं होते, आणि मराठी होती. शुभकार्यांत पोहे, नारळ, गूळ-साखर व फळें ह्यांचा 'मलिदा' करून एलियाहू प्रवक्त्याचें स्मरण करण्याची त्यांची कोंकणांतील चाल तेथेंहि चालू राहिली. 'मायबोली' नांवाचें मराठी त्रैमासिक तेथून निघालें, महाराष्ट्र दिन साजरा होऊं लागला, वाळवंटांत क्रिकेटचे सामने भरूं लागले. दिमोना लहान होतें म्हणून तेथलें जिणें सोपें झालें असें नाहीं. ओळखीच्यांचा मेळा जमला म्हणून त्या सिमेंटच्या वसाहतीचें गांव झालें. पण ह्या गोष्टीस दुसरीहि बाजू आहे. अशा गांवांची भिस्त थोड्या कारखान्यांवर असते. कापडाचा धंदा उतरणीस लागला तशीं मुलें कामासाठीं मोठ्या शहरांकडे वळलीं, आणि तीं हिब्रू बोलूं लागलीं. आजोबांची मराठी नातवास समजत नाहीं, हें तेथील घरोघरचें दुःख आहे.

आतां आजच्या काळाकडे वळूं. परदेशांतील लहान गांवांस माणसें हवीं आहेत, हें खरें आहे. त्यांचीं स्वतःचीं मुलें शहरांत जातात, जन्म थोडे होतात, इस्पितळांत परिचारिका मिळत नाहींत, कारखान्यांत हात मिळत नाहींत. म्हणून कॅनडानें 2019 सालीं अकरा लहान गांवांसाठीं परदेशी कामगारांस कायम वास्तव्य देण्याची एक प्रायोगिक योजना काढली, व ती संपल्यावर 2025 सालीं तशीच दुसरी, चौदा ठिकाणांसाठीं, सुरू केली. थंडर बे, टिमिन्स, ब्रँडन, मूस जॉ हीं त्यांतलीं कांहीं नांवें. मूस जॉची वस्ती तेहतीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या बदलापुरापुढें तें खरोखरच खेडें! ऑस्ट्रेलियानेंहि 2019 च्या नोव्हेंबरांत सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन सोडून इतर भागांत राहण्याच्या अटीवर पांच वर्षांचा परवाना देणें सुरू केलें. इटलींत सिसिली बेटावरील सांबुका गांवानें त्याच वर्षीं एका युरोस घर देण्याची जाहिरात केली. ही बातमी आमच्याकडे पुष्कळांनीं मोठ्या आवडीनें वाचली. मात्र तीन वर्षांच्या आंत किमान 15,000 युरो खर्चून घर दुरुस्त करावयाचें व त्यासाठीं 5,000 युरो अनामत ठेवावयाचे, हा भाग वाचण्याइतका धीर थोड्यांनाच राहिला असावा.

ह्या सर्व योजनांच्या मुळाशीं एकच व्यवहार आहे. गांव तुम्हांस शांतता देत नाहीं. तुमचे हात मागतें. कॅनडाच्या योजनेंत प्रथम त्या गांवांतील ठराविक मालकाकडून नोकरीचें वचन मिळवावें लागतें आणि आपण तेथेंच राहूं असा मनोदय दाखवावा लागतो. मुंबईंत एक नोकरी सुटली तर माणूस दुसऱ्या दिवशीं दहा ठिकाणीं अर्ज करतो. तीस हजारांच्या गांवीं आपल्या कामाचा मालक एक किंवा दोन. आणि कायम वास्तव्याचा कागद हातीं येईपर्यंत त्या मालकाशीं बिनसणें म्हणजे सारा संसारच धोक्यांत घालणें होय. ज्या ताबेदारीस कंटाळून निघालों ती येथें अधिक घट्ट होऊं शकते, हें जाणाऱ्यानें विसरूं नये.

कामावर पायीं जाण्याची गोष्टहि तशीच. तिकडील गांवें लहान असलीं तरी पसरट असतात; दुकान, शाळा, दवाखाना हीं एकमेकांपासून दूर, आणि मोटारीवांचून हिंवाळ्यांत पाऊल टाकणें कठीण. अंगणांतील बर्फ आपणच काढावयाचें, गळका नळ आपणच दुरुस्त करावयाचा, भांडीं आपणच घांसावयाचीं. कॅनडाच्या ग्रामीण भागांत डॉक्टरांची टंचाई ही नेहमींचीच तक्रार आहे. न्यूझीलंडच्या अग्निशामक दलांतील पांचांपैकीं चार माणसें विनावेतन काम करणारे नागरिक असतात, आणि लहान गांवांत तर बहुधा सर्वच. रात्रीं भोंगा वाजला कीं खाटीक, शिक्षक, सुतार अंथरुणांतून उठून बंबाकडे धांवतात. आम्हांस ही माहिती फार मोलाची वाटते. त्या भोंग्याला जो उठतो तो सहा महिन्यांत गांवचा होतो. जो खिडकी लावून घेतो त्यानें तेथें दहा वर्षें काढलीं तरी तो तिकडचा 'बिल्डिंगींतला'च राहावयाचा.

राहतां राहिला घरच्या वडील माणसांचा प्रश्न, आणि खरें पाहतां हाच सर्वांत कठीण. दिमोनेस गेलेल्या पुष्कळ कुटुंबांनीं आपलीं आजी-आजोबा बरोबर नेलीं होतीं. आज तसें होत नाहीं. आईवडिलांस कायमचें नेण्याची वाट अरुंद व वेळखाऊ असते. आणि नेलें तरी उत्तरेकडील हिंवाळ्यांत, जेथें पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतो, तेथें त्यांनीं दिवसभर कोणाशीं बोलावें? म्हणून तीं बेलवलींतच राहतात. मुलाला साधें जिणें लाभावें म्हणून चौथ्या मजल्यावरच्या दोन वृद्धांचें जिणें मात्र गुंतागुंतीचें होतें: औषध कोण आणील, वीज गेली तर खालीं कोण जाईल, रात्रीं दुखलें तर कोणास उठवावें. तिकडून निघालेला मुलगा विमानें बदलीत घरीं पोंचेपर्यंत दीड-दोन दिवस जातात. ह्या काळांत दार ठोठावणारा येतो तो शेजारीच. आणि त्या शेजाऱ्याशीं मुलानें येथें असतांना कधीं दोन शब्द बोलणें केलें होतें कीं नाहीं, ह्यावर पुष्कळ अवलंबून असतें.

इतकें सांगूनहि ज्यांचा बेत कायम आहे त्यांस आम्ही अडवीत नाहीं. माणसें पूर्वींहि गेलीं, पुढेंहि जातील. मात्र दलालाच्या रंगीत पुस्तिकेवर विसंबूं नये. ज्या गांवीं जावयाचें तेथें एखादें मराठी, निदान भारतीय, कुटुंब असेल तर त्यास पत्र धाडावें आणि उन्हाळ्यांतील तळीं व फुलें ह्यांविषयीं न विचारतां जानेवारीच्या एका दिवसाविषयीं विचारावें: सकाळीं मोटारीवरचें बर्फ कोण काढतें, मूल तापानें फणफणलें तर डॉक्टर किती किलोमीटरांवर आहे, मालकाशीं पटलें नाहीं तर त्या गांवांत दुसरें काम कोण देईल, आणि रविवारीं दुपारीं त्यांच्या घरीं कोण येतें.