भट्टी विझलेला आगवाला

सकाळी 8.00
'फ्राम' जहाजावर जाग येते. जानेवारी 1894 मधला कुठलाही दिवस धरा, सगळे सारखेच. सैबेरियाच्या उत्तरेला, 79 अंश अक्षांशाच्या आसपास, जहाज बर्फात रुतलेलं आहे. सूर्य ऑक्टोबरअखेर बुडाला, तो अजून वर आलेला नाही. यालमार योहानसेन बिछान्यातून उतरतो. वय 26. राखीव सैन्यातला लेफ्टनंट, नावाजलेला कसरतपटू. नॉर्वेच्या नान्सेनच्या ध्रुवमोहिमेत जागा उरली होती ती फक्त स्टोकरची. मुंबईच्या गोदीत ज्याला आगवाला म्हणत, त्याची. त्याने ती घेतली. सप्टेंबरात जहाज गोठलं. इंजिन खोलून, तेल लावून ठेवलं. आगवाल्याची भट्टीच विझली.

8.30
न्याहारी. कडक पाव, चीज, डब्यातलं गोमांस, कॉडची गाभोळी. आठवड्यातून तीनदा ताजा पाव. माणसं तेरा. डॉक्टर ब्लेसिंग महिन्याला सगळ्यांना वजनकाट्यावर उभं करतो. वजनं वाढतच आहेत.

9.30
कुत्र्यांचं खाणं. प्रत्येकाला अर्धा सुका कॉड किंवा दोन बिस्किटं. डिसेंबरात अस्वलाने काही कुत्री नेली. त्याच महिन्याच्या 13 तारखेला क्विक नावाची कुत्री व्याली, पिल्लंही तेरा. आठ ठेवली.

11.00
प्यायच्या पाण्यासाठी बर्फ आणायचा. समुद्र सगळीकडे, पण खारा. जुन्या बर्फातलं मीठ उतरून गेलेलं असतं, म्हणून तोच फोडायचा आणि वितळवायचा. डेकवर पवनचक्की फिरते आहे. तिच्यावर डायनॅमो चालतो, त्यावर सलूनमधला विजेचा दिवा. वारा पडला की रॉकेलचे दिवे.

दुपारी 12.00
भट्टी नसलेल्या आगवाल्याला आता हे काम आहे. दर चार तासांनी हवेची नोंद. प्रमुख स्कॉट हान्सेन, हाताखाली योहानसेन. कंदील घेऊन तो बाहेर जातो. थर्मामीटरजवळ तोंड नेताना श्वास रोखायचा, नाहीतर श्वासाच्या उबेनेच आकडा चढेल. पितळेला उघडा हात लावायचा नाही, कातडी चिकटून सोलते. उणे 39 अंशांच्या खाली पाराच गोठतो, मग स्पिरिटचं थर्मामीटर. वर डोलकाठीवर टेहळणीचं पिंप बांधलेलं आहे, पाण्यापासून 30 मीटरच्या वर. तिथेही उपकरणं आहेत. खाली आल्यावर आकडा वहीत.

1.00
जेवण. सूप, मांस, शेवटी गोड. आचारी यूएल. जेवण झालं की तंबाखू ओढायला मंडळी भटारखान्यात जातात. सलूनमध्ये धुराला बंदी आहे.

3.00
प्रत्येकाने बर्फावर पाय मोकळे करायचे, दोन तास. तेवढ्यात लांबून गुरगुर येते. बर्फाचे थर एकमेकांवर चढताहेत. आवाज जवळ येतो, जहाज करकरतं, कडाडतं. याच बर्फात अमेरिकेचं 'जीनेट' 1881 साली चिरडून बुडालं. त्यातल्या 33 पैकी 20 माणसं गेली. तीन वर्षांनी त्याचे अवशेष पार ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले. त्यावरून नान्सेनने ताडलं, की बर्फ ध्रुवाकडून वाहतो आणि त्यात अडकलेलं जहाजही वाहत जाईल. म्हणून जहाज बांधणाऱ्या कॉलिन आर्चरने 'फ्राम'ची कूस गोल केली, बर्फाला पकडायला काही सापडू नये. बर्फ दाबतो, जहाज सुटून वर उचललं जातं. पुन्हा शांत. योहानसेन चालतच राहतो.

4.00
पुन्हा कंदील, पुन्हा वही. वाहणंही सरळ नाही. नोव्हेंबरात जहाज, जिथे गोठलं होतं त्याहून दक्षिणेला गेलं होतं. दीड महिन्याची वाटचाल उणे.

संध्याकाळी 6.00
रात्रीचं जेवण. पैशाचा विषय इथे निघून उपयोग नाही, खर्च करायला दुकान नाही. मोहिमेचा शेवटी हिशेब झाला तो 4,44,339 क्रोनर. त्यात जहाजावर 2,71,927. तेरा माणसांचे तीन वर्षांचे पगार सगळे मिळून 46 हजारांच्या घरात. अन्नधान्य 39 हजारांच्या वर.

8.00
नोंद. मग पत्त्यांचा डाव. योहानसेन अकॉर्डियन काढतो. बाहेर बर्फ पुन्हा गुरगुरतो. डाव कोणी मोडत नाही.

रात्री 12.00
मंडळी झोपायला जातात. पहारा एकेका तासाचा. पहारेकऱ्याने डायरी लिहावी, कुत्री भुंकली तर अस्वल आहे का पाहावं आणि वेळ झाली की नोंद घ्यावी. योहानसेन आपल्या खोलीत शिरतो. मोठ्या खोल्या दोन, त्यात नऊ माणसं. पुढच्या वर्षी 14 मार्चला तो नान्सेनबरोबर जहाज सोडून स्कीवर ध्रुवाकडे निघेल आणि दोघं 86 अंश 14 मिनिटांपर्यंत पोचतील. आज ते कोणाला ठाऊक नाही.

पहाटे 4.00
भिंतीत रेनडिअरचे केस आणि बूच भरलेलं आहे, आत ऊब टिकून आहे. पहारेकरी टोपी कानावर ओढतो, कंदिलाची वात वर करतो आणि दार ढकलून बाहेर जातो. थोड्या वेळाने परत येतो. मिशांवर बर्फ. आधी हातमोजा काढतो, बोटं चोळतो. मग वही उघडतो.